ओल्या शेंगांचा वास

आमच्या बुलढाण्याच्या कॉलनीत अजून घरोघर भुलाबाईची मातीची मूर्ती बसते. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी रोज संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतात. गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा हलवून वाजवते आणि आतली खिरापत, म्हणजे खाऊ, ओळखायला लावते.

माझी पाच वर्षांची नात यंदा पहिल्यांदा गेली. म्हणजे नेली गेली. बाकीच्या पोरी पायी. हिला मात्र सून एका फाटकातून स्कुटीवर उचलायची आणि पुढच्या फाटकात उतरवायची. चार दिवसांत पोर रुसून बसली.

"मी नाही जात आता. मले एकबी खिरापत वळखता येत नाही. समद्या हासतात."

सुनेला बोलायला मला तोंड नव्हतं. तिच्या वयाची असताना मी चिखलीला राहायची. देऊळ दोन गल्ल्यांवर, पण घरात नवी स्कूटर. स्कूटरवाल्या बाईने पायी जायचं? आमचे हे स्कूटर आडवी करून, उभी करून किका मारत. मी लेकरू कडेवर घेऊन, केसांना रुमाल बांधून ओट्यावर सज्ज. तेवढ्यात शेजारणी चालत जाऊन, आरती करून परतही येत आणि जाता जाता माझ्या हातावर प्रसाद ठेवत. तो खाऊन मी पुन्हा वाट बघत उभी. तेव्हाची ती स्कूटरवाली मी आज रस्त्यात दिसले तर मी फूटपाथ बदलीन.

"आज मी नेतो हिले, पायीच," मी म्हणाले.

"काऊन आई? गाडी हाय न!"

"गाडीले नाक नसते बाई."

सुनेला काही पटलं नाही, पण पाण्याची बाटली घेऊन ती मागून निघाली. आम्ही बऱ्याच आधी निघालो होतो, म्हणून बरं. नात एका गोगलगाईपाशी बसली. मग कोणाच्या तरी कुंपणापाशी उगवलेला तरोट्याचा पाला तोडला. मग एका फाटकाशी थबकून नाक वर केलं. आतून कुकरची शिट्टी झाली.

"काय शिजून राह्यलं?" तिने विचारलं.

"मले काय माहीत? तूच सांग."

पहिल्या घरी ती म्हणाली, "लाडू!" निघाले फुटाणे. दुसऱ्या घरी तोंडच उघडलं नाही. सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी भुलाबाईकडे पाहिलं.

तिसरं घर ते कुकरवालं. डबा हलवला तर धड वाजेना. मोठ्या पोरी शिरा, उसळ, केळी असं काहीबाही ओरडून थकल्या. नात पुढे सरकली.

"ओल्या शेंगा. उकडलेल्या. मीठ टाकून."

घरच्या बाईने झाकण काढलं. वाफ आली.

"चीटिंग! इनं आधीच पाह्यलं!" एक पोरगी ओरडली.

"पाह्यलं नाही बे," नात म्हणाली, "रस्त्यावरून वास घेतला."

चौथ्या घरी ती पुन्हा साफ चुकली. त्याचं तिला काही वाटलेलं दिसलं नाही. खिशातल्या शेंगा सोलत होती.

ज्यांच्या घरी लहान लेकरं आहेत त्यांनी संध्याकाळी थोडं लवकर निघावं आणि लेकरू थांबेल तिथे थांबावं. एवढंच माझं म्हणणं. सुनेला मी तेही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तीच दारात चपला घालून उभी होती. "चला न आई," ती म्हणाली, "लोकाईचे कुकर लागले असतीन."