लॉरीचा बल्ब

पार्वतीबाईंचा डावा गुडघा फक्त कोमट पाण्यात वाकायचा. जमिनीवर नुसतं लाकूड. ऑपरेशननंतर तारनाक्याच्या व्यायामकेंद्रातल्या हौदात उतरलं की पाय पुन्हा आपला वाटायचा. हौदाचा कठडा तेवढा हातातून सुटत नव्हता. आणि आता हौदच गार पडलेला. पाणी तापवणाऱ्या गॅस बॉयलरचा फ्यूज बसवला की उडत होता.

"आज झालं नाही तर हौद बंद, मावशी," केंद्राचे हर्षदसर म्हणाले. "आणि गुडघा परत आखडला तर..."

पार्वतीबाई बॉयलरच्या खोलीत खुर्ची ओढून बसल्या. लग्न होऊन परभणीकडून इकडे आल्या, प्रसूतिगृहात आया म्हणून लागल्या आणि बाळंतिणींसाठी गरम पाण्याच्या बादल्या जिने चढून नेता नेता गुडघे घालवून बसल्या. स्वतःच्या गरम पाण्यासाठी अडून बसायची ही पहिलीच वेळ.

"आजी, इथं नक्को बसू," दुरुस्तीला आलेली रोशनी म्हणाली.

"बसू दे. माझा पाय अडकलाय त्यात. कुठली गं तू?"

"इथलीच, काचीगुड्याची. आजोबा हिंगोलीचे."

"मग आमचीच की. जय भीम."

"जय भीम, आजी. आता खुर्ची तरी मागं घ्या."

रोशनीनं आधी गॅसचा कॉक बंद केला. हर्षदसरांनी हळूच विचारलं, "जरा मोठा फ्यूज टाकून बघायचा?"

"फ्यूज वाचेल सर, तार जळेल. हा बारका जळतोय तो आपल्यासाठीच."

तिनं पिशवीतून बल्ब काढला.

"अगं, हा तर लॉरीचा," पार्वतीबाई म्हणाल्या.

"हौ. ह्या सर्किटलाही लॉरीसारखे चोवीसच व्होल्ट. फ्यूजच्या जागी हा लावायचा. मंद पेटला तर ठीक. भक्कन पेटला तर कुठंतरी करंट पळतोय."

बल्ब मंद पेटला. तारा हलवल्या, तरी मंदच.

"खोटारडा," रोशनी बल्बला म्हणाली. "फ्यूज उडतो कधी पण? बटण दाबल्याबरोबर?"

"नाही," पार्वतीबाई म्हणाल्या. "पंप घरघरला की मग. हौदात ऐकू यायचं ना मला."

रोशनीनं पंप चालू केला. बल्ब भक्कन पेटला, मावळला, पुन्हा पेटला. घरघरीच्या ठेक्यावर उजेड धडधडू लागला. पार्वतीबाईंनी श्वास रोखून धरला. प्रसूतिगृहात एकीच्या पोटातल्या बाळाचं काळीज यंत्रावर लुकलुकताना त्यांनी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हाही असाच धरला होता. आत काय चाललंय ते असं बाहेर दिसावं!

रोशनी एकेक तार सोडवत गेली. एक सोडवली आणि बल्ब शांत झाला. त्या तारेचा माग काढत तिचं बोट बॉयलरच्या पत्र्याच्या कडेशी थांबलं. पंपाच्या थरथरीनं तिथं घासून आवरण गेलं होतं. नखाएवढं तांबं उघडं, थरथरलं की पत्र्याला टेकणारं.

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच, आजी."

नवी तार कडेपासून लांब बांधली गेली, फ्यूज पहिल्याच मापाचा बसला. गॅस सुरू झाला आणि निळ्या ज्योतींची रांग सरकन पसरली. पार्वतीबाईंचे हात आपसूक जोडले गेले.

संध्याकाळी हौद कोमट झाला. फ्यूज टिकतो का ते बघायला रोशनी थांबली होती. पंप घरघरत होता. पार्वतीबाई कठड्याला धरून चालल्या, मधेच थांबल्या आणि पुढचं पाऊल टाकताना त्यांनी बोटं उघडली.

"आजी, हात सुटला तुमचा."

"माहीतंय गं," त्या पाण्याच्या मधोमध चालत म्हणाल्या. "तू तुझा फ्यूज बघ."