नवसी औषध प्यायली

नवसीबद्दल विचारताय तर आधीच सांगते, माझं तोंड चांगलं नाही, आणि या विषयावर तर मुळीच नाही.

नवसी चामटोलीच्या वरच्या ठाकरवाडीची. मी अंजना, अंबरनाथची, वडील कारखान्यात. दोघी चालण्याच्या शर्यतीत होतो. लोक हसायचे, चालायची कसली आलीय शर्यत म्हणून. त्यात एक पाय कायम जमिनीला लागलेला हवा. तेवढा नियम पाळूनसुद्धा नवसी अशी भराभरा जायची की मी मागून धापा टाकत तिला शिव्या घालायची. एक्याण्णव साली आमची दोघींची राष्ट्रीय शिबिरासाठी निवड झाली.

सरावासाठी ती आमच्याकडेच राहायची. आमच्या वस्तीत हवेला रसायनाचा वास, त्यामुळे घरोघरी खोकला. आईने उल्हासनगर कॅम्प एकमधल्या सिंधी दुकानदाराकडून खोकल्याची बाटली आणली. तो तिला लाल शरबत म्हणायचा, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. नवसीने ती बाटली शिबिरातही नेली. चोरून नाही, ट्रंकेत सगळ्यात वर ठेवलेली होती.

शिबिरात लघवी तपासायला घ्यायचे. त्याआधी डॉक्टर हिंदीत विचारायचा, काही दवाई घेतली आहे का. नवसीला हिंदी धड येत नव्हतं. आमचे मॅनेजर दिनानाथ सर शेजारी उभे होते, त्यांनी मराठीत करून दिलं, "काय गं, औषध प्यायलीस का?"

आता आमच्याकडे वाड्यावस्त्यांवर औषध पिणं म्हणजे काय, हे पुण्याहून आलेल्या सरांना कुठून ठाऊक असणार. भातावर मारायचं विषारी औषध असतं, ते. बाईने औषध घेतलं म्हणजे तिने जीव द्यायला घेतला. नवसी घाबरून म्हणाली, "नाय सर, मी कशाला औषध पिऊ?" सरांनी डॉक्टरला सांगितलं, नाही म्हणते. बाहेर आल्यावर तिने मला हे सांगितलं तेव्हा सर असलं कसलं विचारतात म्हणून आम्ही दोघी पोट धरून हसलो.

काही आठवड्यांनी निकाल आला. त्या शरबतात कोडीन नावाचं खोकला दाबणारं रसायन होतं आणि ते खेळाडूंसाठीच्या बंदीच्या यादीत होतं. खोकल्यासाठी घेतलं असं आधीच सांगितलं असतं तर थोडक्यात सुटली असती. पण विचारल्यावर नाही म्हणाली, म्हणजे लपवलं, म्हणजे दोन वर्षं बंदी. मी सरांना शब्दाचा घोळ समजावून सांगितला. ते म्हणाले, "अंजना, मी सरळ मराठीत विचारलं होतं." डोंबलाचं सरळ मराठी.

शर्यती सुटल्या, हे तिने गिळलं असतं. पण बदलापुरात कुणीतरी पेपरात बातमी वाचली आणि वाडीवर निरोप पोचवला, नवसीने औषध घेतलं म्हणून तिला काढली. वाडीने जे समजायचं ते समजलं. पोरगी औषध पिते म्हणजे काहीतरी भानगड असणार, दिवस गेले असणार. ठरत आलेलं लग्न मोडलं. तिच्या बापाने, बारकूकाकांनी, घाईघाईने तिला वांगणीकडच्या एका बिजवराला देऊन टाकलं, दोन पोरांच्या बापाला. मला त्या वाडीची चीड येते, आणि बारकूकाकांची त्याहून जास्त.

दोनेक वर्षांनी एका स्पर्धेत दिनानाथ सर भेटले. सहज बोलावं तसं म्हणाले, "अगं, ते कोडीन यादीतून काढलं बरं का." ही यादी म्हणे बाहेरदेशी डॉक्टर मंडळी बसून पुन्हा पुन्हा तपासतात, काही घालतात, काही काढतात. खोकल्याच्या औषधाने कुणी जोरात पळत नाही, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

"मग नवसीचं काय, सर?"

"नियम बदलला तो पुढच्यांसाठी. तेव्हा चूक ती चूकच. आता कुणी घेतलं तर चालेल."

चालेल म्हणे. चालणाऱ्या पोरीला चुलीपुढे बसवून हा माणूस मला चालेल म्हणून सांगतो. माझं डोकं असं फिरलं की तिथून निघून आले.

तरी वाटलं, निदान हिचं नाव तरी धुऊन निघेल. तडक वांगणी गाठली. नवसी अंगणात तांदूळ पाखडत होती. माझं ऐकून ती सूप हातात धरून तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "माज्या सासूला सांगशील? माझं कोण ऐकत नाय. पोरांना माज्या हातचं पाणीसुद्धा पिऊ देत नाय ती."

मी सासूसमोर बसले. "मावशी, नवसीने जे औषध घेतलं होतं ना, तो आता गुन्हा राहिला नाही. मोठ्या मोठ्या डॉक्टरांनीच तसं ठरवलंय."

म्हातारीने नीट ऐकून घेतलं. "म्हंजे हिनं पिलं व्हतं, ह्ये खरं."

"खोकल्याचं, मावशी. खोकल्याचं होतं ते."

म्हातारी उठली, माळ्यावरची फवारणीची बाटली काढली आणि पदराखाली झाकून शेजारच्या घरात ठेवून आली. मग धाकट्या पोराला उचलून मांडीवर घेऊन बसली.

नवसीने माझी पिशवी आणून माझ्या हातात दिली. "जा तू," ती म्हणाली. "आतापर्यंत तिला नुसता संशय व्हता."