नकटं पातं

मी जुने चाकू जमवतो म्हटलं की लोक आधी जरा मागे सरकतात आणि मग हसतात. अरे, मी काय दरोडे घालायला निघालोय? साधे घडीचे, खिशात मावणारे, म्हातारे झालेले चाकू. कुणाच्या मुठीला शिंग, कुणाच्या हाड, कुणाच्या शिसवीचं लाकूड. एसटीच्या वर्कशॉपात अख्खी नोकरी गेली माझी, लोखंडाशी लळा आधीपासूनचाच. आमच्या रत्नागिरीत कितीतरी घरांतला एखादा माणूस कधी ना कधी बोटीवर होता. तो गेला की त्याची ट्रंक उघडतात, आणि तळाशी गंजलेला एखादा चाकू निघतो. घरचे तो भंगारात टाकतात. मांडवीकडे एक भंगारवाला आहे, तो माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतो.

त्यातही माझा जीव एकाच पात्यावर. धार पट्टीसारखी सरळ, आणि पाठ पुढे जाऊन एकदम खाली वाकलेली. टोक म्हणून नाहीच. परदेशात म्हणे त्याला मेंढीच्या खुरावरून नाव आहे. आमच्याकडे मेंढ्या कुठल्या, मी आपला त्याला नकटं म्हणतो. बोट हलते, माणूस तोल जाऊन पडतो, टोक असलं तर शेजाऱ्याच्या पोटात जायचं; म्हणून खलाशांना असला चाकू. कापायचं तेवढं कापतो, भोसकत नाही. मला हे फार आवडतं.

पहिल्यांदा तो घरी आणला तेव्हा बायकोने उलटसुलट करून पाहिला आणि स्वतःच्या नाकाला बोट लावून म्हणाली, "घरात एक नकटी होती, ती पुरली नाही वाटतं?"

तिला माझं हे वेड मुळीच पसंत नव्हतं. "मेलं ते लोखंड! जागा खातंय नुसतं." पण कैरी चिरायची झाली की तिला विळी नको, नकटाच हवा. मी दगडावर तेल घालून धार लावायचो आणि ती दारात उभी राहून म्हणायची, "झाली का पूजा?"

आणि आमच्या घरात एक कायदा होता. चाकू हातातून हातात द्यायचा नाही. खाली ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा. हातात दिला तर भांडण होतं. तिने हा कायदा माहेरून आणला होता, आणि फोडणी करपत असली तरी त्यात सूट नव्हती. मी चाकू पुढे केला की तिचे दोन्ही हात पदराआड. "खाली ठेवा." मी चिडायचो. म्हणायचो, "अगं, मी काय शेजारचा आहे? नवरा आहे तुझा." तर म्हणाली, "म्हणूनच तर. शेजाऱ्याशी वाजलं तर दार लावून घेता येतं."

बरं, एवढं पाळून आमची भांडणं कमी होती म्हणाल तर तसंही नाही. मीठ, पंखा, ओला टॉवेल, झाडांना पाणी. पाण्यावरून तर रोज. मी कुंडीत तांब्या उपडा केला की आतून आवाज यायचाच, "किती ओतताय? मुळं कुजवाल!" मी म्हणायचो, बघ, तुझा कायदा पाळूनही भांडतोच आपण. ती म्हणायची, "नसता पाळला तर काय झालं असतं, विचार करा."

मग तिचं दुखणं निघालं. मुंबईला नेलं, महिनोन् महिने औषधं झाली, केस गेले, जेवण गेलं. शेवटी तिथल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता घरी न्या, त्यांना आवडेल ते करा. तिला मी काही सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. परतीच्या गाडीत खिडकीतून बाहेर बघत ती म्हणाली, "माझ्या खोबऱ्याचं कलम बांधून द्याल?"

खोबऱ्या म्हणजे लांज्याजवळ तिच्या माहेरी एक रायवळ आंबा होता. फळ लहान, गर दाट, खाताना ओल्या खोबऱ्याची चव जिभेवर यायची. कोणत्याही बाजारात तसला आंबा मिळत नाही, कारण ते झाड एकच. रस्ता रुंद होणार म्हणून त्याच्या बुंध्यावर खूण पडली होती. झाड जाणार हे ठरलेलं होतं. तिला ते आमच्या मागील दारी हवं होतं, आणि फुटलेलं बघायचं होतं. फळ नव्हे. फळाला वर्षं लागतात, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. नुसता कोंब.

मी लगेच कामाला लागलो. आंब्याच्या कोयी पिशव्यांतल्या मातीत घातल्या. पावसाळ्यात त्यांना तांबूस पानांची रोपं आली, तसा एसटीने लांज्याला गेलो आणि खोबऱ्याच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आलो. काडी सुकली की कलम संपलं, म्हणून दुसऱ्याच सकाळी बांधायला बसलो. ती मागील दारी खुर्चीत, अंगावर शाल. मी खाली गोणपाटावर.

हे काम दोघांचं. एकाने रोपाचा शेंडा उडवायचा, देठ मधोमध चिरायचा, काडीला पाचर काढून त्यात बसवायची. दुसऱ्याने लगेच प्लॅस्टिकची पट्टी आवळून बांधायची. पाचर एका कापात उतरली पाहिजे, दुसऱ्यांदा चाकू लावला की सांधा बसत नाही. इथे माझा नकटा राजा. सरळ धार, एकच काप, दोन्ही बाजू आरशासारख्या. तिची बोटं काड्यांएवढी बारीक झाली होती, पण बांधताना थरथरत नव्हती. पट्टीचं टोक कापायला तिला चाकू लागायचा. मी गोणपाटावर ठेवायचो, ती वाकून उचलायची, कापायची, परत ठेवायची. वाकताना तिला कळ यायची. मला ते बघवत नव्हतं, पण तिच्या कायद्यापुढे बोलायची सोय नव्हती.

एक सांधा मी डाव्या हाताच्या चिमटीत दाबून धरला होता. काडी जरा जाड होती, सोडली की निसटणार. उजव्या हातात चाकू. तिने पट्टी गुंडाळली, आवळली आणि हात पुढे केला.

"द्या."

"थांब, खाली ठेवतो."

"वाकलात की सांधा हलेल. द्या हातात."

"अगं, पण..."

"द्या हो," ती हसून म्हणाली. "आता भांडायला वेळ कुठाय?"

आणि तिने चाकू माझ्या हातातून घेतला. पट्टी कापली. तसाच मूठ पुढे करून परत माझ्या हातात दिला. मी मान खाली घातली आणि पुढची काडी तासायला घेतली. पाचर वाकडी झाली. ती काडी टाकून द्यावी लागली.

त्या दिवसापासून आमचं भांडण बंद झालं. एकदम, नळ बंद करावा तसं. मी भाजी अळणी केली, तिने तीन घास निमूट खाल्ले. ओला टॉवेल मुद्दाम तिच्या पलंगावर टाकला, तर तो उचलून उशाशी ठेवला. कलमांवर मी तांब्यामागून तांब्या उपडे केले, खिडकीतून तिला सगळं दिसत होतं, आतून हूं की चूं नाही. माणसाला काय काय हवंसं वाटेल ह्याचा नेम नाही. मला आयुष्यात एवढीच एक गोष्ट हवी होती, की तिने माझ्यावर खेकसावं. एकदा खेकसली की ती जगेल, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

शेवटी मी मांडवीला गेलो आणि भंगारवाल्याकडून आणखी एक चाकू आणला. नकटाच, शिंगाची मूठ, पातं गंजून काळं झालेलं. घरात औषधांचा ढीग, आणि हा बाबा चाकू विकत घेऊन येतो! ह्यावर तरी उसळेल. मी तो तिच्या पलंगावर, अगदी नाकासमोर ठेवला.

तिने तो उचलला. उघडायला जमेना, मी उघडून दिला. पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "छान आहे हो. तुमच्या आवडीचं पातं मिळालं."

मी मागील दारी गेलो, नळ सोडला आणि ढसाढसा रडलो. तेव्हा मला कळलं की ती चाललीय.

काही कलमं कुजली, बहुधा माझ्याच पाण्याने. एक फुटलं. काडीच्या शेंड्याला तांबडा कोंब, उंदराच्या कानाएवढा. मी पिशवी उचलून आत नेली, चादरीवर माती सांडली. तिने कोंबाला बोट लावलं. "फुटलं हो," म्हणाली, आणि डोळे मिटले. झोपली असं मला वाटलं, आणि खरंच झोपलीच होती. गेली ती त्यानंतर आठवड्याभरात, पहाटे, माझा हात हातात असताना.

खोबऱ्या पडला. तिथून आता रस्ता जातो. आमच्या मागील दारचं कलम माझ्या कमरेपर्यंत आलंय.

परवा मुलगी आली होती. आंबा कापायला तिने हात पुढे केला, "बाबा, चाकू द्या." मी तो ओट्यावर ठेवला. म्हटलं, "उचल." ती म्हणाली, "तुम्ही तर ह्यावरून आईला चिडवायचात!"

चिडवायचो. पण हातात दिलेल्या चाकूचं एक भांडण माझं अजून बाकी आहे. तिच्या कायद्याप्रमाणे ते व्हायलाच हवं होतं, आणि ते न करताच ती गेली. ह्यात तिने मला फसवलं, असं मी सरळ म्हणतो.

सकाळी मी कलमाला पाणी घालतो. एक तांब्या पुरतो, मी दुसराही उपडा करतो. मग रिकामा तांब्या हातात धरून जरा वेळ तिथेच उभा राहतो, घराकडे पाठ करून. आतून कुणी काही म्हणत नाही.