काकांची चेरोकी

"चूक ती चूक," म्हणत काका चष्मा काढायचे. कौन्सिलच्या पत्रातला स्वल्पविरामसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटत नसे. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच. नॉटिंगहॅमला आमच्या शेजारी राहणारे हे निवृत्त फार्मासिस्ट; त्यांच्याशी बोलायचं म्हणजे तोंडी परीक्षाच.

त्यांची सून अमेरिकेतून आलेली, तिथल्या चेरोकी या मूळनिवासी जमातीतली. तिच्या माहेरी चेरोकी भाषा बोलणारी एकटी आजी उरली होती, तिकडे ओक्लाहोमात. 'पोरीला काय उपयोग' म्हणून आजींनी नातीला ती शिकवलीच नाही. आता नातीला हवी होती, पण मागायची लाज वाटे. "टू लेट, बाबा," एवढंच काकांना म्हणायची.

मग पंचाहत्तरीला काकांनीच शिकायला घेतली. नळावर चिठ्ठी 'आमा', म्हणजे पाणी. ब्रेडच्या डब्यावर 'गादू'. बसमधून उतरताना ड्रायव्हरला "वाडो", म्हणजे थँक यू. मला कुंपणापलीकडून "ओसियो", म्हणजे नमस्कार, म्हणत आणि तसंच उत्तर आल्याशिवाय हलत नसत. नाताळच्या शुभेच्छा तर एवढ्या लांबलचक, की माझी जीभ अर्ध्या वाटेत बसायची. काका त्या एका दमात, स्वच्छ म्हणायचे.

नाताळला मी त्यांच्याकडे जेवायला होते. आजींना व्हिडिओ कॉल लावला. काकांनी शुभेच्छा दिल्या आणि चक्क अडखळले. आजींनी हसून दुरुस्त केलं. काका पुन्हा चुकले, वेगळ्याच जागी. आजींनी खुर्ची पुढे ओढली आणि एकेक अक्षर सांगू लागल्या. पाचव्या वेळी काका सुनेला म्हणाले, "तूच म्हणून बघ गं. मला काही जमत नाही."

ती हळूच म्हणाली. आजींनी तिलाही दुरुस्त केलं, मग पुढचा शब्द सांगितला, मग त्याच्या पुढचा. जेवण गार झालं, पण कुणी उठलं नाही.

स्वयंपाकघरात मी काकांना गाठलं. "काल तर तुम्ही अगदी बरोबर म्हणत होतात."

"हळू बोल. ज्याला येतं त्याला कोण शिकवत बसेल?"

मी थक्क झाले. हा माणूस सगळ्यांदेखत, आपणहून चुकत होता. एवढं मोठं मन मी जवळून दुसरं पाहिलेलं नाही.

पुढे सून दर रविवारी आजींशी बोलू लागली. या मार्चमध्ये काका गेले. त्यानंतरच्या रविवारी मी तिच्याजवळ बसले होते. काका कुठे आहेत, असं आजींनी विचारलं असावं. सून बोलू लागली, थांबत थांबत, पण सगळं चेरोकीतच. मला एक शब्द कळला नाही. आजी डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांनी तिला एकदाही दुरुस्त केलं नाही.