झाकणाचा वास

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी बारामतीच्या एका डेअरीत कॉम्प्युटर विभागात होतो. विभाग म्हणजे मी एकटाच. कामगारांना प्रशिक्षण दिलंय, तर आता परीक्षाही कॉम्प्युटरवरच घेऊ, असं साहेबांच्या मनात आलं. मी तीन मशीन तारेनं जोडली. इकडे कामगारानं बटण दाबलं की तिकडे साहेबांच्या टेबलावर गुण दिसायचे. याला ऑनलाइन म्हणतात हे मी एका मासिकात वाचलं होतं आणि दिवसातून दहा वेळा म्हणून दाखवत होतो.

प्रश्न मीच काढले. इंदापूरला घरी गोठा असूनही पुस्तकातून काढले, कारण ते भारदस्त दिसत. वर एक शहाणपणा केला. उत्तर दिल्याशिवाय पुढचा प्रश्न येणारच नाही, अशी सोय करून ठेवली.

दूध उतरवून घ्यायच्या धक्क्यावर लोणी भापकरचे एक तात्या होते. मला पोरा म्हणायचे. कॅनचं झाकण उघडलं की आधी ते नाकाशी धरायचे. त्यांनी बाजूला काढलेलं दूध प्रयोगशाळेत खराबच निघायचं. परीक्षेत पास झाले तर ते धक्क्याचे मुकादम होणार होते, नाहीतर त्यांना कॅन धुवायला पाठवणार होते.

परीक्षेला ते इस्त्रीचा सदरा घालून आले. पहिले चार प्रश्न पटापट सोडवले. पाचवा होता, 'कॅन उघडल्यावर दूध खराब आहे का, हे सर्वांत आधी कसं तपासाल?' खाली चार पर्याय: उकळून, लॅक्टोमीटरनं, अल्कोहोलनं, आम्लता मोजून. तात्या थांबले. मी मागेच उभा होतो.

"पोरा, ह्यात वास न्हाय."

"चारातलाच एक निवडा, तात्या."

"ही चारी मागनं येत्यात. आधी वास."

"दाबा हो कुठलंही."

"खोटं कशाला दाबू?"

ते मांडीवर हात ठेवून बसून राहिले. वेळ संपली. उरलेले पंधरा प्रश्न त्यांना दिसलेसुद्धा नाहीत, मशीननं ते सगळे चूक धरले. साहेबांनी आतून विचारलं, "काय झालं रे?" माझा प्रश्न चुकलाय, एवढंच सांगायचं होतं. मी म्हणालो, "त्यांना जमलं नाही."

हे लिहितानाही माझे कान तापतात. ते ऐकून तात्या उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून ते कॅन धुवायला लागले.

आठवड्यानं मी गुपचूप तो प्रश्न दुरुस्त केला. 'झाकणाचा वास घेऊन' हा पर्याय घातला. पुढच्या तुकडीत सगळ्यांनी तो बरोबर सोडवला. साहेबांनी माझी पाठ थोपटली. "हा प्रश्न झकास काढलास, अगदी कामातला." तो तात्यांचा आहे, हे सांगायला तेव्हाही माझी जीभ रेटली नाही. शाबासकी मात्र निमूट घेतली.

त्याच दुपारी मी हौदाकडून चाललो होतो. तात्यांनी धुवायला आलेल्या रिकाम्या कॅनचं झाकण काढलं आणि सवयीनं नाकाशी नेलं. तेवढ्यात त्यांना मी दिसलो. त्यांनी झाकण झटकन खाली केलं, चोरी करताना सापडल्यासारखं.

"जुनी सवय हाय, साहेब," ते म्हणाले. "आता न्हाय घेणार."