जळकोटच्या माळावरचा डबा

आमच्या घराला डबे शोधण्याचं वेड आहे. कुणीतरी अनोळखी माणूस डबा लपवतो आणि ती जागा मोबाइलवर टाकतो. आपण तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि होता तिथंच परत ठेवायचा. या नादात एका रविवारी मी, बायको आणि मुलगी जळकोटच्या माळावर तासभर दगड उलथत होतो.

शेळ्या राखणारी एक म्हातारी काठीवर हनुवटी टेकून बघत होती. शेवटी तिनं विचारलं, "काय हरवलंय?"

"काही नाही. डबा शोधतोय."

"कुणाचा?"

"माहीत नाही."

"त्यात काय हाय?"

"वही."

ती हसत हसत खालीच बसली. मग भाकरीच्या गाठोड्यातून तिनं तोच डबा काढला. "वहीला वाळवी लागली असती, म्हणून म्या उचलला. घ्या."

मुलीचा चेहरा पडला. "आजी, असा नाही घ्यायचा. शोधावा लागतो."

"मग डोळं झाका समदे."

आम्ही तिघं भर उन्हात डोळ्यांवर हात ठेवून उभे राहिलो. पुढं पुन्हा तासभर शोध. बायकोनं गयावया केली, पण म्हातारी सांगेना. "सांगितल्यावर मग हुडकायचं काय?"

नातेवाइकांना कित्येक वर्षांत न कळलेला आमचा छंद तिला लगेच कळला होता.

डबा बांधाच्या कपारीत सापडला तेव्हा पहिली टाळी तिनंच वाजवली. वहीत नावं लिहून आम्ही निघालो, तर ती वाटेत आडवी.

"जाता कुठं? आता तुमी लपवा," म्हणाली आणि डोळ्यांवर पदर ओढून उभी राहिली.