हॅल्वरसाठी ‘हो’

माझा शेजारी हॅल्वर स्टेनेरूड पेंड विकायचा आणि न्यायही द्यायचा. दुकानाच्या मागच्या खोलीत, कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांमध्ये त्याचं कोर्ट भरायचं, म्हणून मी त्याला ‘कोंबडीजज्ज’ म्हणायचो. वकिलीचं शिक्षण नाही, तरी गाव त्यालाच निवडून द्यायचं. कुणाच्या गायी कुणाच्या गव्हात शिरल्या, कुणी पिऊन ट्रक दामटला, असले खटले. निकाल देताना मात्र तो टाय लावायचा.

त्या वर्षी राज्यानं प्रश्न मतदानाला टाकला. असली गावकोर्टं मोडून खटले जिल्ह्याकडे द्यावेत, आणि जज्ज लोकांनी न निवडता एका समितीनं वकिलांतून नेमावेत, हो की नाही? मतपत्रिकेवर हे सगळं एकाच वाक्यात कोंबलेलं. शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायला व्हायची.

“जज्जसाहेब, ‘नाही’ करा म्हणून दारावर पाटी लावा,” मी म्हटलं.

“माझ्याच खुर्चीचा प्रश्न आहे. मी तोंड उघडायचं नाही.”

“खुर्ची कसली, पोतं आहे ते!”

तो हसला नाही. मग मीच गावभर ‘नाही’ करा म्हणून सांगत सुटलो. पण माझं बोलणं खरं कोण मानणार! “याची नेहमीची गंमत,” म्हणून सगळे हसले.

त्याची बायको अर्विला एका सकाळी माझ्यादेखत त्याला म्हणाली, “अरे, मला तरी सांग. हो करू की नाही?”

“वाच आणि ठरव.”

“दोनदा वाचलं. तुझं नावही नाही त्यात.”

“मग मला विचारूही नकोस.”

निकाल लागला. राज्यभर ‘हो’. आमच्या गावात तर जवळजवळ सगळंच ‘हो’. मी कॉफीला गेलो तेव्हा हॅल्वर पेपर पुढ्यात घेऊन बसला होता. गावाचा आकडा त्यानं बोटानं झाकला होता.

“लोक मला कंटाळले होते तर सांगायचं होतं,” तो म्हणाला. “मी स्वतः सोडलं असतं.”

तेवढ्यात अर्विला केक आणि सुरी घेऊन आली. “जिंकलास! चर्चच्या तळघरात मतदानाच्या रांगेत आम्ही एकमेकांना सांगत होतो, हॅल्वरसाठी ‘हो’. त्या खडूस पाद्र्यानंसुद्धा केलं!”

हॅल्वरनं हळूहळू तिला ‘हो’चा अर्थ सांगितला. ती सुरी हातात तशीच धरून खाली बसली.

“मग तेव्हा का नाही बोललास? चुलीत घाल ते तुझं तत्त्व!”

“बायकोला सांगून मत मिळवलं असतं, तर पुढच्या खटल्याला कोणत्या तोंडानं बसलो असतो?”

“आता तरी कुठे बसणार आहेस?”

हॅल्वरनं आकड्यावरचं बोट काढलं आणि मलाच विचारलं, “पाद्र्यानंसुद्धा?”

“पाद्र्यानंसुद्धा,” मी म्हटलं. या वेळी त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला.